मोटारींतील ध्वनियंत्र आणि तें बसविणारे हात

घराच्या भिंतीचा गिलावा बरोबर झाला नाहीं, तर तो दोष दारांत आलेल्या पाहुण्यालाहि दिसतो. शिंप्यानें सदऱ्याची बाही आंखूड केली, तर आरशासमोर उभें राहतांच ती समजते. भांड्याला कल्हई नीट लागली नाहीं, तर चार दिवसांत भांडें स्वतःच बोलूं लागतें. परंतु कांहीं कामें अशीं आहेत, कीं तीं पुरीं होतांच दृष्टीआड होतात. त्यांवर झांकण बसतें, स्क्रू आंवळले जातात, आणि आंत काय केलें आहे हें करणारा व परमेश्वर या दोघांनाच ठाऊक राहतें. अशा कामांत कारागिराच्या हातापेक्षां त्याच्या मनाची परीक्षा अधिक होते.

मोटारींत गाण्याचें यंत्र, म्हणजे बाजारांत ज्याला सर्वजण कार स्टिरिओ म्हणतात तें, बसविण्याचें काम याच जातीचें आहे. हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं कित्येक श्रोते या घटकेस चालत्या मोटारींतच बसलेले असतील, आणि हे शब्द त्यांच्या कानीं अशाच एखाद्या यंत्रांतून पडत असतील. आवाज स्वच्छ येत असेल, तर ज्या अज्ञात हातांनीं तें यंत्र बसविलें त्यांचे त्यांनीं मनोमन आभार मानावेत. परंतु आवाजामागें बारीक शिटीसारखा सूर येत असेल, आणि गाडीचा वेग वाढतांच तो सूरहि चढत असेल, तर पुढील हकीकत त्यांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी.

मोटारींत रेडिओ बसविणें हें आरंभापासूनच कठीण काम मानलें गेलें आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल गॅल्व्हिन यांचा एक लहानसा कारखाना होता. त्यांनीं १९३० सालीं मोटारीसाठीं एक रेडिओ तयार केला व त्याला मोटोरोला असें नांव दिलें. पुढें १९४७ सालीं कारखान्यानेंहि तेंच नांव धारण केलें. त्या काळीं रेडिओ तयार करण्याइतकेंच कष्टाचें काम तो गाडींत बसविण्याचें होतें. यंत्र एकीकडे, कर्णा दुसरीकडे, आणि त्याला लागणाऱ्या निराळ्या बॅटऱ्या पायाखालच्या फळ्यांखालीं, अशी ती मांडणी असे. शिवाय इंजिनांत ठिणगी पाडणारी जी विद्युत्-योजना असते, तिची खरखर रेडिओंत शिरे, आणि ती अडविण्यासाठीं ठिणगीच्या प्लगांना निराळे अवरोधक जोडावे लागत.

युरोपांतील पहिला मोटार-रेडिओ १९३२ सालीं जर्मनींत निघाला. त्याची किंमत त्या वेळच्या मोटारीच्या किंमतीच्या जवळजवळ एक-तृतीयांश होती. ज्या कंपनीनें तो काढला तिची कथा या विषयांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ही कंपनी १९२३ च्या सुमारास बर्लिन येथें आयडियल या नांवानें सुरू झाली व आरंभीं रेडिओ ऐकण्यासाठीं कानाला लावावयाचे हेडफोन करीत असे. प्रत्येक हेडफोन तपासून पाहावयाचा, आणि परीक्षेंत उतरेल त्यावरच एक निळा ठिपका लावावयाचा, अशी तेथें रीत होती. लोक दुकानांत जाऊन निळा ठिपकाच मागूं लागले. अखेर १९३८ सालीं कंपनीनें आपलें जुनें नांव सोडलें व निळा ठिपका या अर्थाचें ब्लाउपुंक्ट हें नांव घेतलें. तपासणीची खूण हेंच त्या घराण्याचें नांव झालें.

त्यानंतर १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट आली, १९८० नंतरच्या दशकांत चकत्या आल्या, आणि आतां बोटानें स्पर्श करावयाचे पडदे आले. मध्यंतरीं या धंद्याला शिस्तहि लागली. यंत्राच्या खांचेसाठीं १८० मिलिमीटर रुंदी व ५० मिलिमीटर उंची हें जर्मन माप जगानें स्वीकारलें. मोठ्या यंत्रासाठीं उंची तेवढी दुप्पट. तारांचे रंगहि रूढ झाले. पिवळी तार सदैव चालू राहणारी, तांबडी किल्ली फिरविल्यावर चालू होणारी, काळी परतीची, आणि निळी अ‍ॅम्प्लिफायरला जागें करणारी. गाडीच्या मूळ तारा न कापतां नवें यंत्र जोडतां यावें, यासाठीं तयार कपलर मिळूं लागले. म्हणजे १९३० सालच्या कारागिरापुढें ज्या अडचणी होत्या, त्यांतील बहुतेक आजच्या कारागिरापुढें उरलेल्या नाहींत. तरीहि काम बिघडतें. तें कां बिघडतें, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

नाशिक येथें टपालखात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनीं आयुष्यभर काटकसर करून एक लहान मोटार घेतली. ती सर्वांत स्वस्त प्रकारची असल्यामुळें तींत गाण्याचें यंत्र नव्हतें. गृहस्थांना सकाळचीं भजनें ऐकण्याची आवड, आणि नऊ वर्षांच्या नातीला चित्रपटांतील गाण्यांची. दोघांच्या आनंदासाठीं त्यांनीं बाजारांतील एका मोठ्या, झगमगीत दुकानांतून पडद्याचें यंत्र, चार स्पीकर व एक अ‍ॅम्प्लिफायर असा सव्वीस हजार रुपयांचा माल खरेदी केला. "बसविण्याचे किती?" असें त्यांनीं विचारतांच दुकानदार हंसून म्हणाला, "काका, फिटिंग फ्री!"

पुढच्या अनर्थाचें बीज या दोन शब्दांत होतें. परंतु त्या वेळीं ते शब्द गोड वाटले. दोन तरुण मुलांनीं पाऊण तासांत सर्व काम उरकलें. पडदा उजळला, गाणें लागलें, नातीनें टाळ्या वाजविल्या. गृहस्थांनीं पावती मागितली, तेव्हां उत्तर मिळालें, "पक्की पावती हवी तर टॅक्स वेगळा पडेल, काका. कच्ची चिठ्ठी देतो. दुकान काय पळून जातंय?" टपालखात्यांत चाळीस वर्षें पावत्यांवर शिक्के मारलेल्या मनुष्यानेंहि त्या दिवशीं चार पैसे वाचतात म्हणून चिठ्ठी खिशांत घातली.

तिसऱ्या दिवशीं शिटीचा सूर ऐकूं आला. गृहस्थ दुकानांत गेले. "तुमच्या गाडीचाच प्रॉब्लेम आहे काका, या मॉडेलला असा आवाज येतोच," असें त्यांना सांगण्यांत आलें. नाचतां येईना, अंगण वांकडें. भजनांतील पखवाजाच्या टिचक्या ऐकूं येत, पण धुमेचा भरदार आवाज कोठेंच येत नसे. त्यावर उत्तर मिळालें, "बेस पाहिजे असेल तर सबवूफर घ्यावा लागेल." म्हणजे दोष सांगावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला आणखी एक वस्तु विकण्याचा प्रयत्न झाला. पुढें दोन दिवस गाडी दारांत उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती सुरूच होईना. "बॅटरी गेली, नवी टाका," असा निकाल मिळाला. गाडी अकरा महिन्यांची होती. तरी गृहस्थांनीं साडेचार हजारांची नवी बॅटरी घेतली. तीहि पंधरा दिवसांनीं तशीच उतरली. पावसाळा लागतांच डाव्या दाराचें आंतलें आवरण खडखडूं लागलें, आणि पायांखालचा गालिचा ओला होऊं लागला. दुकानांतील मुलानें वर्तमानपत्राची घडी करून दाराच्या फटींत खोंचली व "आता नाही वाजणार," असें आश्वासन दिलें.

येथपर्यंतचा त्रास कोणीहि सोसला असता. मनुष्य चिडतो, चार शब्द बोलतो, आणि नशिबाला दोष देऊन गप्प बसतो. परंतु श्रावणांत गृहस्थ नातीला घेऊन मुंबईस निघाले असतां कसारा घाटांत त्यांना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मागच्या आसनावर पट्टा बांधून बसलेली मुलगी खोकूं लागली. डाव्या बाजूच्या गालिच्याखालून धुराची एक बारीक रेघ वर येत होती. त्यांनीं गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली. तरी धूर थांबेना. मागून येणाऱ्या एका मालमोटारीच्या चालकानें तें पाहिलें. "बाबा, आधी पोरीला खाली उतरवा!" असें ओरडतच तो धांवला. त्यानें टप उघडला, दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची काळी तार प्रथम सोडविली, आणि धूर हळूहळू विरला. चार पावलांवर पावसांत छत्री धरून उभ्या असलेल्या नातीकडे पाहतांना गृहस्थांचे हातपाय कांपत होते. तो चालक नांवहि न सांगतां निघून गेला.

गाडी ओढून परत नाशिकला आणली गेली, आणि या वेळीं ती दुकानांत न जातां जुन्या वस्तींतील एका वृद्ध मिस्त्रीकडे गेली. मोटारींतील विजेचीं कामें करण्यांत या मिस्त्रीचे केस पांढरे झाले होते. त्यानें "आधी सगळं उघडून बघू, मग पैशाचं बोलू," एवढेंच म्हटलें. लांकडी पाटावर बसून त्यानें एक-एक आवरण काढलें, निघालेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीनें मांडला, आणि गृहस्थांना जवळ बोलावून दोष दाखविण्यास सुरुवात केली. झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ त्या दिवशीं उघडली गेली.

धूर कां निघाला, हें प्रथम दिसलें. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी जाड तार इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भोंकांतून नेली होती. परंतु त्या भोंकाला रबरी कडें घातलेलें नव्हतें. पत्र्याच्या धारदार कडेवर तार महिनोन्‌महिने घासत राहिली व तिचें आवरण कापलें गेलें. मोटारींत वीज जाते ती तारेनें आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगांतून. म्हणून उघडी तार पत्र्याला लागणें म्हणजे बॅटरीचीं दोन टोकें परस्परांस जोडणें होय. अशा वेळीं बॅटरी शेंकडों अँपिअर प्रवाह देऊं शकते, आणि तार तापून लाल होण्यास फार वेळ लागत नाहीं. किल्ली बंद करूनहि उपयोग झाला नाहीं, कारण ती तार किल्लीच्या सत्तेखालीं नव्हतीच.

यावर उपाय म्हणजे फ्यूज. मिस्त्री म्हणाला, "फ्यूज होता साहेब, पण मागे डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात. तो अ‍ॅम्प्लिफायरला वाचवील, तारेला कसा वाचवील?" या एका वाक्यांत सर्व शास्त्र आलें. फ्यूज हा तारेचा रखवालदार आहे, आणि रखवालदार वाड्याच्या दाराशीं उभा असावा, परसांत नव्हे. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत, म्हणजे सुमारें ४५ सेंटिमीटरच्या आंत, तो बसवावा असा या धंद्यांतील जाणत्यांचा दंडक आहे. त्या फ्यूजची व त्याच्या डबीची किंमत चार जणांच्या नाश्त्याहून अधिक नसते.

तारेची जातहि तपासण्यासारखी होती. वरून ती तांब्याची दिसे; मिस्त्रीनें टोंक चाकूनें खरवडतांच आंतून पांढरें अ‍ॅल्युमिनियम निघालें. वरून कीर्तन, आंतून तमाशा. येथें थोडें गणित केलें पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर भर जोरांत असतांना ३० अँपिअर प्रवाह घेतो व तार ५ मीटर लांब आहे असें धरूं. ४ चौरस मिलिमीटर जाडीची शुद्ध तांब्याची तार असेल, तर सुमारें ०.६५ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात आणि तारेंत जवळजवळ २० वॅट उष्णता निर्माण होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तेवढ्याच जाडीच्या तारेंत हा तोटा सुमारें दीडपट होतो. उलट १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, तर तो पाव हिश्श्यावर येतो. गाडींत एकंदर १२ व्होल्टांचाच कारभार असतो. त्यांतील एक व्होल्ट वाटेंत सांडणें म्हणजे बारा घागरींतील एक घागर विहिरीपासून घरापर्यंत येतांनाच गळून जाणें होय.

मग शिटीचें मूळ सांपडलें. परतीची काळी तार एका स्क्रूनें पत्र्याला आंवळली होती. परंतु पत्र्यावरचा रंग खरवडलेला नव्हता. रंगांतून वीज जात नाहीं. स्क्रूच्या आट्यांतून जेवढा संबंध आला तेवढ्यावर काम चाललें होतें. त्यांत भर म्हणजे गाण्याचे सूक्ष्म संकेत नेणारी तार आणि विजेची जाड तार या एकाच दोरीनें बांधून, एकाच बाजूनें नेल्या होत्या. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्राचे कंप त्यामुळें गाण्यांत शिरत, आणि म्हणूनच गाडीचा वेग वाढला कीं सूर चढे. दोष त्या मॉडेलचा नव्हता. दोन मिनिटें कानस न फिरविण्याचा होता.

बॅटरी उतरण्याचें कारण याहून साधें होतें. यंत्र बंद झालें कीं अ‍ॅम्प्लिफायरनेंहि झोपावें, यासाठीं निळी तार असते. ती यंत्राच्या निळ्या तारेला न जोडतां जवळ सांपडलेल्या पिवळ्या तारेला जोडली होती. त्यामुळें अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा राही. गाणें नसतांनाहि तो पाऊण अँपिअर घेत असेल, तर २४ तासांत १८ अँपिअर-तास खर्च होतात, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत रिकामी होते. गृहस्थांनीं साडेचार हजारांना घेतलेली नवी बॅटरी मुळांत लागणारच नव्हती.

पखवाजाची धूम कोठें गेली हें दाखविण्यासाठीं मिस्त्रीनें भिंतीवरच्या घड्याळांतील दीड व्होल्टचा सेल काढला. त्याचीं टोकें एका स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवितांच पडदा पुढें आला. दुसऱ्या बाजूच्या स्पीकरला त्याच रीतीनें टेकविलीं, तर पडदा मागें गेला. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक स्पीकर हवेला पुढें ढकली त्याच क्षणीं दुसरा तिला मागें ओढी, आणि खर्जाचे स्वर परस्परांतच जिरून जात. तारा सुलट करतांच नवा सबवूफर न घेतां पखवाज घुमूं लागला. दाराच्या आंत पावसाचें पाणी अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा असतो. स्पीकर बसवितांना तो फाडून फेंकून दिला होता. आवरणाच्या सात खुंट्यांपैकीं चार तुटलेल्या होत्या. खडखड आणि ओला गालिचा या दोहोंचा उलगडा तेथें झाला.

सर्वांत अधिक वाईट मिस्त्रीला वाटलें तें वेगळ्याच गोष्टीचें. कंपनीचा मूळ कपलर कापून टाकला होता, आणि तारांचीं टोकें नुसतीं पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली होती. उन्हाळ्यांत तिचा डिंक वितळून ती सुटत आली होती. "तीनचारशे रुपयांचा कपलर आणला असता तर एकही तार कापावी लागली नसती," असें तो म्हणाला. मूळ तारांत केलेल्या कापाकापीमुळें उद्भवलेल्या बिघाडाची जबाबदारी मोटार तयार करणारी कंपनी बहुधा घेत नाहीं. तसें कलम हमीपत्रांत असतें. शिवाय भारतांत १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालकासमोर हवेची पिशवी असणें सक्तीचें झालें आहे. तिच्या तारा सामान्यतः पिवळ्या आवरणांत असतात, आणि डॅशबोर्ड उघडणाऱ्याचा हात त्यांच्या शेजारूनच जातो. घाईच्या हातानें त्यांतील एखादी दुखावली, तर त्याचा परिणाम अपघाताच्या क्षणींच समजावयाचा.

मिस्त्रीनें पूर्ण एक दिवस काम केलें व सामानासह पांच हजार सातशें रुपये घेतले. गृहस्थांनीं घरीं येऊन जुन्या संवयीनें हिशेबाची वही काढली. "फिटिंग : ० रुपये" अशी ओळ पूर्वीच लिहिलेली होती. तिच्या खालीं त्यांनीं लिहिलें : बॅटरी ४,५००, गाडी ओढून आणणें ३,०००, मिस्त्री ५,७००, एकूण १३,२००. सव्वीस हजारांच्या मालाच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्या शून्याच्या पोटांत दडलेली होती. चिठ्ठी घेऊन ते दुकानांत गेले. चिठ्ठीवर दुकानाचें नांव नव्हतें, तारीख नव्हती, मालाचा तपशीलहि नव्हता. दुकानदार म्हणाला, "ती पोरं आता इथं कामाला नाहीत, काका." तेथें विषय संपला.

हें ऐकून कोणासहि संताप येईल, आणि त्या दोन मुलांना दोष द्यावासा वाटेल. परंतु वृद्ध मिस्त्रीनें गृहस्थांना जातांना जें सांगितलें तें विसरतां येण्यासारखें नाहीं. "त्या पोरांना शिव्या देऊ नका. दिवसाला आठ गाड्या करायच्या असतात त्यांना. फ्यूज पुढं का लावायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. मला माझ्या उस्तादानं दोन वर्षं नुसते स्क्रू वेचायला लावले होते."

जुन्या गांवगाड्यांत सुतार-लोहारांना वर्षाचें बलुतें ठरलेलें असे. त्या व्यवस्थेंत अन्याय होते, आणि ते गेले हें योग्यच झालें. परंतु नांगराचा फाळ वांकडा बसला, तर लोहाराला तो शेतकरी दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर भेटे. बाजारांतील दुकानांत गिऱ्हाईक एकदांच येतें, आणि काम करणारा महिन्यानें दुसरीकडे जातो. लाज धरावयास कोणी ओळखीचें उरत नाहीं. ही उणीव शिक्षणानें व नियमानें भरून काढणें शक्य आहे. अमेरिकेंत मोटारींतील अशीं यंत्रें बसविणाऱ्यांसाठीं निराळी परीक्षा व प्रमाणपत्र आहे. आपल्याकडेहि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स हा अभ्यासक्रम शिकविला जातो. मात्र असा शिकलेला मुलगा शून्य रुपयांच्या फिटिंगवर राबावयास येणार नाहीं, आणि येऊंहि नये.

कारण खरी मेख या शून्यांत आहे. दुकानदार मालावर नफा घेतो आणि श्रमाची किंमत शून्य सांगतो; गिऱ्हाईक ती आनंदानें मान्य करतें. पडदा किती इंचांचा, स्पीकर किती वॅटांचा, याची चौकशी तासभर चालते. तो कोण बसविणार, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. ज्या कामाला किंमत नाहीं त्या कामाला वेळ मिळत नाहीं, आणि ज्याला वेळ मिळत नाहीं तें काम झांकणाआड कसेंहि उरकलें जातें. दुकानदार, कारागीर व गिऱ्हाईक या तिघांनीं मिळून केलेला हा करार आहे. त्यांतील तिसऱ्यानें आपली सही काढून घेतली, तर पहिल्या दोघांना वागणें बदलावें लागेल.

तिसऱ्यानें काय करावें? फिटिंगचे पैसे वेगळे सांगा, असा आग्रह धरावा व ते द्यावेत. काम सुरू होण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावेत : माझ्या गाडीचा कपलर आहे काय, बॅटरीजवळ फ्यूज बसविणार काय, तार शुद्ध तांब्याची आहे काय, पत्र्यांतून तार जाईल तेथें रबरी कडें घालणार काय, परतीच्या तारेखालचा रंग खरवडणार काय. हे प्रश्न ऐकून जो हंसेल त्याच्याकडून गाडी परत न्यावी. जो उत्तर देईल त्याच्याजवळ उभें राहावें, आवरणें मिटण्यापूर्वीं आंतील जोडणीचीं छायाचित्रें काढावींत, आणि कर भरून पक्की पावती घ्यावी.

ही पावती म्हणजे केवळ कागद नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याअन्वयें पैसे देऊन घेतलेल्या सेवेंतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यांतहि ती करतां येते, आणि मोबदल्याची रक्कम पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक आहे. परंतु कायद्याला पुरावा लागतो. नाशिकच्या त्या गृहस्थांजवळ बिनतारखेची चिठ्ठी होती. त्यांनीं तक्रार केली नाहीं, याचें कारण तेवढेंच.

आतां ती मोटार पुन्हां कसारा घाटांतून ये-जा करते. भजन लागलें कीं पखवाज घुमतो, आणि मागें बसलेली मुलगी ठेका धरते. मिस्त्रीनें नव्या फ्यूजच्या डबीवर तारीख लिहून आपली सही केली आहे. ती सही टप उघडल्याविना दिसत नाहीं, आणि टप उघडणारे थोडे. तरी ती त्यानें केली. बर्लिनमधील त्या कारखान्यानें लावलेला निळा ठिपका आणि नाशिकच्या मिस्त्रीची ही सही यांचा अर्थ एकच आहे : हें काम तपासलें आहे, आणि तें कोणी केलें हें सांगावयास करणाऱ्याला संकोच नाहीं. ज्या दिवशीं गिऱ्हाइकें अशी सही मागूं लागतील आणि तिची किंमत देऊं लागतील, त्या दिवशीं झांकणाआडचीं कामेंहि सुधारल्यावांचून राहणार नाहींत.